कडूबाईचा गुरुवार

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत कडूबाईला हसवायची बंदी होती. कुणी पाटी लावून केलेली नव्हे. पण तिला हसू आलं की हसण्यामागोमाग खोकला यायचा, खोकल्यामागोमाग छातीत शिट्टी, आणि मग ती ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून, खांदे वर चढवून बसायची, खोल विहिरीतून बादली ओढावी तसा एकेक श्वास ओढत. हसवणारा बिचारा आपल्या विनोदासकट गुपचूप घरी जायचा. गल्लीत चांगली थट्टा करणारी दोन-चार माणसं आहेत. या बंदीनं त्यांचं फार नुकसान झालं, कारण हसायला कडूबाईसारखं गिऱ्हाईक दुसरं नाही.

नाव कडू का, तर तिच्या आधीची दोन लेकरं जगली नव्हती. देवगाव रंगारीच्या तिच्या आजीनं ठरवलं की या पोरीला असं नाव द्यायचं की नजर लावणाऱ्यानंच तोंड फिरवावं. माणसांची नजर लागली नाही खरी. दम्याला मात्र नावाचं काही वाटलं नाही.

आता ती पंचेचाळिशीच्या आसपास आहे. पुढच्या खोलीत खिडकीखाली शिलाई मशीन मांडलेलं. साड्यांना फॉल लावायचा, पिको करायचा, हा तिचा धंदा. गुलमंडीवरच्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे येतात आणि गठ्ठे आणणाऱ्या पोराला ती दोऱ्याच्या रंगावरून असं काही झापते की पोरगं पुढच्या वेळी दुकानातली सगळीच रिळं खिशात घालून येतं. नवरा सोमनाथ वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला. अंधारात जातो, दुपारी येऊन झोपतो, आणि घरात काय चाललंय ते त्याला गल्लीकडून कळतं. तिसरं माणूस म्हणजे सासू वच्छलाबाई, मूळ पाचोडच्या. त्यांच्याबद्दल पुढं येईलच, कारण त्यांच्याशिवाय या घरात काही होत नाही. सकाळी उठल्यापासून त्यांच्या हातात अडकित्ता असतो. खटाखट सुपारी कातरण्याचा आवाज बंद झाला तर गल्ली समजते, म्हातारीला डोळा लागला.

नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळी गल्ली बादल्या, पिंपं घेऊन धावायची. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येणारं पाणी. त्या दिवशी कुणी कुणाचं नसतं. कडूबाई मात्र ओट्यावर बसून राहायची. तिला एक कळशी उचलवत नव्हती. मग ती बसल्या जागेवरून हुकूम सोडायची, "आवडाबाई, तुमचा पाइप माझ्या पिंपात कव्हाचा झोपलाय, उठवा त्याला." समोरच्या आवडाबाई म्हणायच्या, "बसून बसून मुकादम झालीस गं." हे ऐकून कडूबाईला हसू यायचं, आणि मग वर सांगितलं तसं.

पण खरं सांगायचं तर दम्यापेक्षा तिचा जीव घेतला होता एका बारक्या पांढऱ्या गोळीनं. स्टेरॉइडची गोळी. सुरुवातीला दम फारच चढला तेव्हा थोडे दिवस म्हणून दिली. गोळीनं आराम पडला. कमी करायला घेतली की दम परत उसळायचा, की गोळी परत वर. असं करत करत ती पाहुणी घरजावई होऊन बसली. कडूबाईचा चेहरा तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला. दंडाला नुसतं मशीनचं चाक घासलं तरी काळंनिळं व्हायचं. लग्नातली झंपरं कधीच गेली होती; मागच्या वर्षीचीही अंगात जाईनात. रक्तात साखर निघाली. गल्लीतली माणसं, ज्यांना आजार माहीत नव्हता ती, म्हणायची, "सोमनाथची कंपनी चांगली चाललेली दिसतीय वहिनी, तोंडावर दिसतंय!" ती म्हणायची, "व्हय, त्यांचा पगार थेट तोंडावरच जमा होतो." म्हणायची आणि आत जाऊन बसायची. न्हाणीघरातला आरसा तिनं भिंतीकडं तोंड करून टांगला होता. सोमनाथनं दाढीसाठी तो सुलटा केला की ही दाढी झाल्यावर पुन्हा उलटा करायची. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

तिचं देवाकडं एकच मागणं राहिलं होतं. दमा राहू दे, पण गोळी सुटू दे.

देवाकडं म्हटल्यावर उपास आलेच. उपासात कडूबाईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. सुनेचा दम वाढला तसं वच्छलाबाईंनी नवस बोलून टाकला होता: सुनेचा दमा जाईपर्यंत सून सोमवार, गुरुवार, शनिवार कडक धरील. त्यात चतुर्थ्या, एकादश्या वेगळ्या. "दुसऱ्याच्या पोटावर नवस बोलायला काय जातंय?" असं आवडाबाई म्हणायच्या, अर्थात वच्छलाबाई ऐकत नसताना.

नवसाचा एक भाग मात्र गल्लीलाही ठाऊक नव्हता. आता आमच्या गल्लीला ठाऊक नाही म्हणजे ती गोष्ट किती लपवून ठेवली असेल, विचार करा. वच्छलाबाईंचं म्हणणं असं होतं की नुसतं पोट उपाशी ठेवलं तर देव म्हणेल, भरोसा सगळा डॉक्टरवर आणि उपास तेवढा माझ्या नावानं. तेव्हा देवाच्या दिवशी औषधसुद्धा देवावरच सोडायचं. पहिल्या गुरुवारी त्यांनी सगळंच बंद करायला लावलं. दुपारपर्यंत कडूबाईचे ओठ निळे पडले. मग म्हातारी घाबरली, देवापुढं बसून घासाघीस केली, आणि गोळीला सूट मिळवली. धाप लागल्यावर मारायच्या निळ्या पंपालाही सूट मिळाली. उरला तो सकाळी अंघोळीनंतर रोज ओढायचा तपकिरी पंप. तो ओढला काय, न ओढला काय, त्या घडीला काहीच कळत नाही; ना बरं वाटतं, ना वाईट. तो देवाला गेला.

म्हणजे आठवड्यातले चार दिवस डॉक्टरचे आणि तीन देवाचे. चतुर्थी-एकादशी मधे आली की देवाची बाजू जड. श्रावणात तर डॉक्टरला कुणी विचारतच नव्हतं. आणि नवस म्हटल्यावर तो तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही, सांगितला की फळ गेलं. म्हणून ही गोष्ट सासू-सुनेच्या पोटात राहिली. सोमनाथलाही माहीत नव्हती. तो तसाही झोपलेला असायचा.

जालना रोडवरच्या छातीच्या दवाखान्यात पाथ्रीकर मॅडम म्हणून नव्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी कडूबाईला एका यंत्रात फुंकायला लावलं. पडद्यावर एक फुगा दिसायचा. हळू, एकसारखं फुंकायचं. फुगा वर उडाला नाही पाहिजे, खाली पडला नाही पाहिजे. लहानपणी ओल्या काड्यांची चूल फुंकलेली बाई ती, तिला फुंकायचं कसं हे सांगायला नको होतं, पण श्वास पुरेना. तिसऱ्या खेपेला जमलं. आकडा आला ऐंशीच्या वर.

मॅडमनी रक्ताचा रिपोर्टही समोर ठेवला. मग सोमनाथकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत सोपं करून सांगितलं.

"ताई, तुमच्या श्वासनळ्यांना आतून सूज आहे. सूज म्हणजे विस्तव समजा. विस्तवाचा धूर निघतो ना, तसा या सुजेचा एक वायू निघतो, श्वासातून बाहेर पडतो. हे मशीन तो धूर मोजतं. रक्तातही सुजेच्या पेशी दिसतात, पण त्या तुमच्या गोळीनं दाबल्यात, म्हणून तिथं नीट कळत नाही. श्वासात मात्र धूर भरपूर आहे."

"मग पंप तर चालूच हाय तिचा," सोमनाथ म्हणाला.

"तेच तर कोडं आहे. पंपातही स्टेरॉइडच आहे, थेट विस्तवावर टाकायचं पाणी. रोज पाणी टाकूनही इतका धूर कसा? रोज घेता ना ताई?"

कडूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "व्हय. घेते की."

"रोज?"

"रोज," सोमनाथनंच सांगून टाकलं. सकाळी सहाला कंपनीच्या गेटवर असणारा माणूस बायकोच्या पंपाची ग्वाही देत होता, आणि मनापासून देत होता.

मॅडम म्हणाल्या, "मग असं करू. आठवडाभर रोज सकाळी इथं यायचं. सिस्टरच्या समोर पंप घ्यायचा आणि फुंकायचं. गोळी आहे तेवढीच राहील. आकडा उतरला तर हे औषध तुम्हाला लागू आहे, मग गोळी कमी करायला घेऊ. नाहीच उतरला तर पंपाचं स्टेरॉइड तुमच्या सुजेला चालत नाही असं धरावं लागेल. मग गोळी वाढवायची, किंवा त्याच्या पुढची इंजेक्शनं बघायची."

वाढवायची, हा शब्द कडूबाईनं तेवढा ऐकला. बाकीचं सोमनाथनं ऐकलं.

मंगळवारपासून सुरुवात झाली. मुकुंदवाडीहून शेअर रिक्षा. ती मधल्या सीटवर दबून बसायची आणि रिक्षावाला रोजचा झाल्यावर म्हणायचा, "आपा, आराम से बैठो, आप के वास्ते सिग्नल भी हरा रखवाया." दवाखान्यात अंबिका सिस्टर. तरुण, नाकात चमकी, बोलायला तिखट. पंप कसा हलवायचा, श्वास आधी पूर्ण बाहेर कसा सोडायचा, मग ओढायचा, मग दहा मोजेपर्यंत धरायचा, सगळं करून घ्यायची. "मावशी, धरा, धरा, सोडू नका, सासूचा राग धरल्यासारखा धरा." कडूबाईला हसू आलं आणि धरलेला श्वास सुटला. पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी आकडा थोडा उतरला. फार नाही, पण ऐंशीच्या खाली. अंबिका म्हणाली, "बघा मावशी, उतरायला लागला." कडूबाई त्या आकड्याकडं बघत राहिली. तिला आनंद व्हायला पाहिजे होता. पण उद्या गुरुवार होता.

गुरुवारी सकाळी ती उपाशीच निघाली. रिक्षात बसल्या बसल्या किती तरी बहाणे तिनं जुळवले, आणि अंबिकापुढं गेल्यावर त्यातला एकही धड आठवेना.

"सिस्टर, आज र्‍हाऊ द्या ना. उद्या दोनदा घेते."

"दोनदा? हा काय रेशनचा गहू आहे का मावशी, मागचा पुढच्या महिन्यात उचलायला?"

"आज तब्येत बरी नाय वाटत."

"बरी नाही म्हणूनच तर येताय. चला, हलवा पंप."

कडूबाईनं पंप हातात घेतला. हलवला. तोंडाला लावला, दाबला, आणि श्वास ओढलाच नाही. पांढरा फवारा ओठांतून निसटून नाकापुढं तरंगत राहिला. अंबिकानं कमरेवर हात ठेवले.

"मावशी, पाच वर्षांची लेकरं करतात हे. ओढलाच नाही तुम्ही."

"ओढला."

"मग हे काय, उदबत्ती लावली का?" मग अंबिकाचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, आजचा दिवस चुकवला तर मधेच खंड पडतो. मॅडम म्हणतील, याच्यावरून काही सांगता येत नाही. मग गोळीचं काय ते ठरायचं तसंच राहील, किंवा वाढेल. तुम्हाला काय पाहिजे?"

काय पाहिजे हे कडूबाईला ठाऊक होतं. न्हाणीघरातला आरसा सुलटा करायचा होता. पण नवस मोडला तर दमा जन्माचा अंगावर, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. आणि का नको म्हणते हे सांगितलं, तरी नवस मोडलाच. इकडं आड, तिकडं विहीर असं झालेलं. आणि त्यात उपाशी पोट.

"एक फोन करते," ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली.

आता घरचा देखावा सांगायला हवा. वच्छलाबाईंना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. आणि त्यांच्यासमोर, सुपारीच्या एका खांडासाठी, आवडाबाई बसलेल्या. यानंतर जे झालं ते सगळ्या गल्लीला शब्दाशब्दानं ठाऊक आहे ते त्यामुळंच.

"आत्याबाई, मी बोलते."

"बोल ना. वरडू नको, ऐकू येतंय!" वच्छलाबाई गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"घरात कोन हाय?"

"कोन नाय. आवडी हाय."

दमलेल्या माणसाला जशी पुढची पायरीच दिसत नाही तसं कडूबाईचं झालं आणि ती बोलून गेली. "आज गुरुवार हाय. आन् सिस्टर पंप घ्याच म्हणती."

अडकित्ता थांबला. आवडाबाईंनी तोंडातली सुपारी एका गालात सारली आणि पुढं सरकल्या.

"सांग ना मग, बरं वाटत नाय म्हणून."

"सांगितलं. ऐकंना ती. आज नाय घेतला तर सगळं वाया जातंय म्हणती. गोळी वाढवतील."

"आजून वाढवतील?"

"व्हय. आत्याबाई, मंगळवारी घेतला, काल घेतला. ते मशीनचा आकडा उतरायलाय."

"कशानं उतरायलाय?"

"पंपानं."

"आन् देवानं नाय व्हय?"

कडूबाईनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. "देवाचा दिस आज हाय ना, आत्याबाई. मंगळवार-बुधवार तर डॉक्टरचे होते."

आवडाबाई सांगतात की म्हातारी हातातल्या अर्ध्या कातरलेल्या सुपारीकडं अशी बघत होती, जशी ती तिनं पहिल्यांदाच बघितली.

"म्हंजी इतकी वर्सं...?" वच्छलाबाईंनी विचारलं. या वेळी आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही.

"व्हय."

"तो तपकिरीच कामाचा व्हता?"

"तसंच दिसतंय."

मग वच्छलाबाईंनी अडकित्ता मिटला आणि म्हणाल्या, "घे. पंप घे तू."

"आन् नवस?"

"नवस म्या बोलले, म्या बघते. देवाला तुझा पंप घेऊन काय करायचंय? त्याला कुठं दम लागतो? त्याला माझी सुपारी देते. सोमवार, गुरुवार, शनिवार. चतुर्थीबी. झालं?"

आवडाबाईंच्या तोंडाचा आ झाला. वच्छलाबाईंचा नवरा गेला त्या दिवशीही सुपारी सुटली नव्हती, ही गल्लीतली ऐकीव गोष्ट. म्हातारीनं त्यांच्याकडं बोट दाखवलं. "आन् तू, आवडे, तोंड मीट. नवस तुझ्या कानावर पडून फुटलाय तर आता सगळीकडं सांगशील. सांग. पर आधी इथून ऊठ, मला तुझ्या तोंडातली दिसायलीय."

कडूबाई आत गेली आणि पंप ओढला. या वेळी नीट ओढला. दहा मोजेपर्यंत धरला. चूळ भरायला अंबिकानं पाण्याचा ग्लास दिला, आणि देवाच्या दिवशी पंप घेतला तर आता काय होतंय याची वाट बघत ती पाणी तोंडात घेऊन तशीच उभी राहिली. मग थुंकली. काही झालं नाही. वरून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

नवस फुटलाच होता, तेव्हा मॅडमना तिनं त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाहेर पेशंटांची रांग होती आणि त्या सकाळपासून बोलून दमल्या होत्या. तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी विचारलं होतं ना, रोज घेता का म्हणून?"

"देवाचे दिस आमी त्यात धरतच नाय, मॅडम."

मॅडमना रागवायचं होतं असं दिसत होतं, पण त्या हसल्या. "उपास करू नका म्हणणार नाही मी. पण साखर आहे, गोळी चालू आहे, इतके कडक उपास अंगावर येतील. फळं घ्या, दूध घ्या. पंप मात्र सातही दिवस. देवाला पाहिजे तर मी चिठ्ठी लिहून देते."

"नको. त्याची सोय झालीय," कडूबाई म्हणाली.

पुढचे दिवस सरळ गेले. शनिवारी ती गेली, सोमवारी गेली. आकडा पायरीपायरीनं उतरत मंगळवारी तिशीपाशी आला. विस्तव औषधाला ऐकत होता, मॅडम म्हणाल्या. औषधच पोचत नव्हतं. आता गोळी अर्धी. मग आणखी कमी, पण हळूहळू, आपल्या मनानं एकदम सोडायची नाही, अंगाला तिची सवय लागलीय. चेहरा? उतरेल, पण महिने जातील. हाडांचं, साखरेचं बघत राहावं लागेल.

कडूबाई रिक्षात बसली. रिक्षावाला म्हणाला, "क्या आपा, आज छुट्टी हो गई क्या दवाखाने की?" तिनं मान हलवली. जी गोष्ट देवाकडं इतकी वर्षं मागत होती ती मिळाली होती, आणि तिला फक्त झोप येत होती.

मधेच तिला आईची आठवण आली. देवगावला आई गेली तेव्हा मक्याची काढणी चालू होती. सगळ्या गावात दाणे काढलेल्या कणसांच्या बुरकंड्यांचा भुसा उडत होता, आणि इकडं तिचा दम असा चढला होता की सगळ्यांनी अडवलं, धुळीत जाऊ नको म्हणाले. तोंड बघायला मिळालं नाही. तो कोणता वार होता, हे ती रिक्षात आठवायला लागली, आणि मग तिनंच ते थांबवलं. वार आठवून काय करायचंय? सासूवर रागवावं असंही एकदा मनात आलं. पण रागवायला श्वास लागतो. तिचा श्वास आत्ता कुठं परत यायला लागला होता, तो अशा कामाला खर्च करायची तिची तयारी नव्हती. आणि कुणावर रागवायचं? म्हातारीनं सुनेचं वाईट चिंतून थोडंच केलं होतं? सगळ्यात अवघड तेच होतं.

दुपारी घरी आली तर आवडाबाई ओट्यावर हजर. "काय गं, उतरला का आकडा?" आता गल्लीला आकडासुद्धा ठाऊक झाला होता. "उतरला," म्हणून ती आत गेली.

मंगळवार सुपारीचा दिवस, पण वच्छलाबाईंच्या हातात अडकित्ता मिटलेलाच होता. कालचा सोमवार त्यांनी कसा काढला ते सोमनाथला विचारा. त्याला दुपारी झोपायला मिळालं नव्हतं, म्हातारी घरभर फिरत होती आणि प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघत होती.

"काय म्हणली डाक्टरीण?"

"अर्धी करा म्हणली. गोळी."

वच्छलाबाईंनी हात पुढं केला. "आण."

कडूबाईनं पाकिटातून एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हातारीनं अडकित्ता उघडला, फडक्यानं नीट पुसला, गोळी पात्यात धरली, डोळे बारीक केले. आयुष्यभर सुपारी कातरलेला हात. सुपारीचे ती केसासारखे काप करते. तिनं अडकित्ता दाबला. खट्ट. अर्धी गोळी तिच्या मांडीवर पडली आणि अर्धी टुण्णकन उडून बाजेखाली गेली.

"गेली का कुठं?" म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली. "थांब, काढते. वाया जाईल."

"राहू द्या, आत्याबाई."

"अगं, उंदीर खाईल ना!"

"खाऊ द्या. त्याचं तोंड फुगलं की कळंल आपल्याला."

वच्छलाबाईंच्या पोटातून हसू आलं, आणि ते बघून कडूबाईला आलं. दारात सोमनाथ उठून आला आणि घाबरून "अगं हसू नको, हसू नको" म्हणायला लागला, ते ऐकून तर आणखीच. ती बाजेची कड धरून हसली. मग खोकला आला. शिट्टीही आली, जरा बारीक. सोमनाथ निळा पंप आणायला धावला. तो घेऊन येईपर्यंत ती थांबली होती. पंप लागला नाही.

म्हातारीनं मांडीवरची अर्धी गोळी तिच्या हातात दिली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. कडूबाईनं गोळी गिळली, डोक्याखाली गोधडी घेतली आणि तिथंच आडवी झाली. फॉल लावायच्या साड्यांचा गठ्ठा मशीनवर तसाच होता. एरवी दमापायी टेकून बसल्या बसल्या झोपणारी ती, कधी नव्हे ते सपाट निजून झोपली. बाहेर आवडाबाई पाण्याच्या पाइपावरून कुणाशी तरी भांडायला लागल्या होत्या, आणि घरात, म्हातारी उशाशी जागीच बसलेली असूनही, किती तरी वेळ अडकित्त्याचा आवाज आला नाही.